माळ्यावरच्या पेटीतले दूरदर्शन

दिवाळीपूर्वीची साफसफाई निघाली की ठाण्याचा जांभळी नाका, कल्याणचा टिळक चौक, डोंबिवलीचा फडके मार्ग अशा जुन्या वस्त्यांतील घरांच्या माळ्यावरून एक पुठ्ठ्याची पेटी खाली उतरते. तिच्यात तांब्या-पितळेची भांडी नसतात, जुन्या चोपड्याही नसतात. चोपड्या लाल कापडात बांधून वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या टाकून देण्याचे धाडस कोणी करीत नाही. या पेटीत असतात जाडजूड पुस्तकाच्या आकाराच्या काळ्या कॅसेट. एकीच्या पाठीवर थोरल्या भावाच्या लग्नाची तारीख असते, दुसरीवर ‘वरघोडा’, तिसरीवर ‘दुकानाचे उद्घाटन’ आणि तळाच्या चार-पाच कॅसेटवर पेन्सिलीने केवळ ‘टीव्ही’ एवढेच लिहिलेले असते. लावून पाहावी म्हटले, तर यंत्र कधीच मोडीत गेलेले. लग्नाची कॅसेट पुन्हा माळ्यावर जाते, कारण तिच्याविषयी माया असते. ‘टीव्ही’ लिहिलेल्या कॅसेट मात्र भंगारवाल्याच्या गोणीत पडतात.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर हा निर्णय नेमका उलटा ठरण्याचा संभव आहे. लग्नाच्या कॅसेटची एखादी प्रत मामाकडे किंवा आत्याकडे असते. ‘टीव्ही’च्या कॅसेटवर जे आहे त्याची प्रत, ज्यांनी ते प्रक्षेपित केले त्यांच्याकडेही नसू शकते.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेले दूरदर्शन मुंबईत पोहोचण्यास तेरा वर्षे लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या चाळींच्या छपरांवर व इमारतींच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेना उगवू लागले. सर्वांची तोंडे वरळीच्या मनोऱ्याकडे. वारा सुटला किंवा कावळा बसला की चित्र थरथरू लागे. मग घरातला एक मुलगा गच्चीवर, दुसरा जिन्यात आणि तिसरा संचासमोर अशी साखळी उभी राही आणि ‘आले, आले... गेले!’ अशा हाका साऱ्या इमारतीला ऐकू जात. संचासाठी पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. संच परवडणारी कुटुंबे थोडी होती. त्यामुळे शनिवारच्या मराठी व रविवारच्या हिंदी चित्रपटाच्या वेळी पेढीवाल्यांच्या दिवाणखान्यात सतरंज्या अंथरल्या जात आणि चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जाई.

त्या काळचे कार्यक्रम आठवणाऱ्यांची पिढी आज साठीच्या पुढे आहे. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, नाट्यप्रवेशांचा ‘गजरा’, साहित्यिकांशी संवाद साधणारा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, मुलांसाठी ‘किलबिल’. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने तर प्रेक्षकांची मंडळे गावोगावी उभी केली. कार्यक्रम पाहून लोकांनी स्वतः संघटित व्हावे, हे तेव्हा नवलच होते. गुजराती भाषकांसाठी ‘आवो मारी साथे’ आणि मुलांचे ‘संताकुकडी’ असे. ठाण्या-कल्याणच्या कित्येक व्यापारी घरांत आजी त्या दिवशी सायंकाळचे काम लवकर आटोपून बसत. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ दोन दशके चालला. पुढे चित्रपटात नाव कमावलेल्या स्मिता पाटील याच केंद्रावरून मराठी बातम्या वाचीत. चि. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, तेव्हा ती पाहण्यासाठी लोक घाईने घर गाठीत असत.

या साऱ्यातून उरले किती? चिमणरावांचे आज पाहावयास मिळतात ते मोजके भाग. इतर अनेक कार्यक्रमांची तर नुसती नावे उरली आहेत. आरंभीच्या वर्षांत पुष्कळसे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ते कोठेही नोंदले गेले नाहीत, म्हणून ते हवेत विरले. बातम्यांचे बाहेरील चित्रण सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर होई आणि फिल्म रासायनिक असल्यामुळे तिच्यावर दुसरे चित्र घेता येत नाही. चुंबकीय फितीचे तसे नाही. ती पुसून पुन्हा वापरता येते, हाच तिचा गुण आणि हाच तिचा दोष. फीत परदेशातून यायची आणि परकीय चलन त्या काळी मोजूनमापून मिळायचे. कार्यक्रम एकदा, फार तर दोनदा दाखवून झाला की त्याचा उपयोग संपला आणि रिकामी फीत ही मात्र मालमत्ता, असा तो हिशेब होता. माल विकला गेल्यावर गोणी झटकून पुन्हा भरावी, तसे ते होते. हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला तत्काळ पटेल आणि म्हणूनच त्याबद्दल त्या काळच्या अधिकाऱ्यांना फार दोष देण्यात अर्थ नाही. चूक एवढीच झाली की गोणीची किंमत वहीत होती आणि धान्याची नव्हती.

याउलट रामानंद सागर यांचे ‘रामायण’ पाहा. ते जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात प्रथम दाखवले गेले आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागताच पुन्हा घरोघरी आले. ती मालिका सागर यांच्या स्वतःच्या संस्थेने निर्माण केली होती. तिला मालक होता, म्हणून तिच्या फिती जपल्या जाण्यामागे कोणाचा तरी स्वार्थ होता. ‘गजरा’ किंवा ‘संताकुकडी’ सर्वांचे होते आणि जे सर्वांचे असते त्याची किल्ली बहुधा कोणाच्याच कमरेला नसते.

हे केवळ आपल्याकडे घडले असेही नाही. ब्रिटनच्या बीबीसीने १९७० च्या दशकापर्यंत आपल्या असंख्य कार्यक्रमांच्या फिती पुसल्या. ‘डॉक्टर हू’ या तेथील लाडक्या मालिकेचे अनेक भाग त्यात गेले. मात्र त्या गेलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो नोंदवला होता. मालिकेचे काही हरवलेले भाग २०१३ मध्ये थेट नायजेरियात सापडले. प्रक्षेपणासाठी तेथे पाठवलेल्या प्रती परत मागवण्याचे राहून गेले होते. अमेरिकेच्या नासाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९६९ मध्ये मनुष्य चंद्रावर उतरला त्या वेळच्या मूळ, सर्वांत स्पष्ट चित्रसंकेतांच्या फिती नंतरच्या काळात फितींचा तुटवडा पडला तेव्हा पुसून वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये त्या संस्थेलाच काढावा लागला. आज दिसते ते सुधारलेले चित्र दूरचित्रवाणी केंद्रांकडे उरलेल्या प्रतींवरून तयार केलेले आहे. चंद्रावरच्या पहिल्या पावलाची जर ही गत, तर वरळीच्या ‘किलबिल’ची काय कथा!

फिलाडेल्फिया शहरातील मॅरियन स्टोक्स या पूर्वाश्रमीच्या ग्रंथपाल बाईंनी मात्र एकटीने वेगळी वाट धरली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डिसेंबर २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या घरी दूरचित्रवाणीच्या बातम्या रात्रंदिवस नोंदवीत राहिल्या. एकाच वेळी अनेक यंत्रे चालत आणि दर सहा तासांनी कॅसेट बदलावी लागे, म्हणून घरातील माणसांचे बाहेर जाणे-येणेही त्या वेळापत्रकाला बांधलेले असे. त्यांच्यामागे सुमारे ७०,००० कॅसेट उरल्या आणि त्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेने स्वीकारल्या. शेजाऱ्यांनी त्यांना विक्षिप्त ठरवले असेल. पण आज त्या काळच्या स्थानिक बातम्या अभ्यासायच्या झाल्या तर संशोधकांना त्यांच्याच संग्रहाकडे वळावे लागते.

ठाणे-कल्याण परिसरात कोणी स्टोक्स झाल्याचे ऐकिवात नाही. परंतु येथे व्हीसीआर आले आणि ते प्रथम कोणाच्या घरी आले, हे सर्वांना ठाऊक आहे. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, त्याच वर्षअखेर दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि रंगीत संचांच्या आयातीवरील निर्बंध सैल झाले. त्यापाठोपाठ सिंगापूर, दुबईहून येणाऱ्या आप्तांच्या सामानातून व्हीसीआर येऊ लागले. नोकरदाराला ते झेपणारे नव्हते. त्याच्यासाठी गल्लीतील व्हिडिओ लायब्ररी होती, जी रात्रीपुरते यंत्र आणि तीन चित्रपट भाड्याने देई. पण कापड, सराफी, धान्य, औषधे, स्टेशनरी अशा व्यवसायांतील कुटुंबांनी यंत्र विकत घेतले. दुकान रात्री साडेनऊला बंद होई, तोवर आवडता कार्यक्रम संपलेला असे. म्हणून घरच्या मंडळींनी तो नोंदवून ठेवावा आणि शेठजींनी जेवताना पाहावा, अशी रीत पडली. इतिहासाचे जतन करण्याचा हेतू त्यामागे मुळीच नव्हता. वेळेची अडचण होती आणि त्या अडचणीतून काही घरांत दूरदर्शनचा एक छोटासा, विस्कळीत संग्रह आपोआप तयार झाला.

दूरदर्शनने जे केले तेच घरोघरीही झाले, हे येथे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. कॅसेटच्या पाठीवर नखाएवढे एक प्लास्टिकचे पाते असते. ते मोडून टाकले की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. लग्नाच्या कॅसेटचे पाते छायाचित्रकार आठवणीने मोडून देई. ‘टीव्ही’च्या कॅसेटचे पाते शाबूतच राही आणि पाहुण्यांच्या मुलांनी क्रिकेटचा सामना नोंदवण्यासाठी हातात आली ती कॅसेट लावली की त्याखाली आधीचे सारे गाडले जाई. एवढेच नव्हे, तर मोडलेल्या पात्याच्या खाचेवर चिकटपट्टी लावून लग्नावरही चित्रपट नोंदवल्याच्या कहाण्या अनेक कुटुंबांत हसत, क्वचित अश्रू पुसत, सांगितल्या जातात.

तरीही माळ्यावरची पेटी तपासण्यासारखी असते ती आणखी एका कारणाने. दूरदर्शनचे काही ना काही सरकारी संग्रहात टिकले आहे. प्रसार भारतीने जुन्या फितींना डिजिटल रूप देण्याचे काम चालवले आहे आणि सह्याद्री वाहिनीचे अनेक जुने कार्यक्रम यूट्यूबवर पाहता येतात. केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांना मात्र असा वालीच नव्हता. १९९० नंतर ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे गच्चीगच्चीवरून काळ्या तारा लोंबू लागल्या. १९९१ च्या आखाती युद्धाने परदेशी वाहिन्या आणल्या आणि केबलचालकाने आपल्या खोलीतील व्हीसीआरवरून स्वतःची वाहिनी सुरू केली. दुपारी एक चित्रपट, रात्री एक. पुढे सायंकाळी पंधरा मिनिटांच्या शहराच्या बातम्या, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाचे चित्रण, नवरात्रातील टेंभी नाक्याची गर्दी, महापालिकेच्या निवडणुकीची मतमोजणी, एखाद्या आचार्यांचा नगरप्रवेश, तपस्व्यांचा वरघोडा, हे सारे त्या वाहिन्यांवर येऊ लागले. १९९५ मध्ये केबलसाठी केंद्रीय कायदा झाला, पण दाखवलेले जपून ठेवण्याची काळजी त्यानंतरही कोणी वाहिली नाही. आठवड्याच्या बातम्यांची कॅसेट पुढच्या आठवड्यात पुन्हा भरली जाई. २०१२-१३ च्या सुमारास मुंबई आणि परिसरात सेट-टॉप बॉक्स आले, लहान केबलचालक मोठ्या कंपन्यांत मिसळले, खोल्या रिकाम्या झाल्या आणि उरलेल्या कॅसेटही गेल्या.

यात काय गेले याची कल्पना येण्यासाठी केवळ वर्षे डोळ्यांसमोर आणावीत. ठाणे महानगरपालिका १९८२ ची आणि कल्याणची १९८३ ची. म्हणजे या शहरांचे नागरी वय आणि व्हिडिओचे वय जवळजवळ एकच. तलावांचे आणि कौलारू घरांचे ठाणे उंच इमारतींचे झाले, खाडीकाठची भातशेती प्लॉटमध्ये बदलली, डोंबिवलीच्या चाळींच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, हे सारे कॅमेऱ्यासमोर घडले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात १९८८ मध्ये वसंत कानेटकरांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि पुन्हा २०१० मध्ये उत्तम कांबळे यांच्या. डोंबिवलीला ते २०१७ मध्ये आले. शेवटचे संमेलन लोकांनी मोबाइलवरच टिपले आणि त्याच्या चित्रफिती उदंड आहेत. पहिल्याचे हलते चित्र पाहावयाचे झाले तर शोध घरोघरच्या पेट्यांतच घ्यावा लागेल. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये निघालेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आज महाराष्ट्रभर अनुकरली जाते. त्या पहिल्या यात्रेत ढोल किती होते, स्त्रियांनी कोणते नेसले होते, फडके मार्गावर तेव्हा कोणती दुकाने होती, हे वर्तमानपत्राच्या एका छायाचित्रातून कसे कळणार?

दुकानांचा विषय निघालाच आहे, तर जाहिरातींकडे वळले पाहिजे. दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या. डोंबिवलीत कारखाना असलेल्या विको कंपनीने १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’ला प्रायोजकत्व दिले आणि तिच्या हळदीच्या मलमाचे गाणे देशभर पोहोचले. अशा मोठ्या जाहिराती टिकल्या, कारण त्या फिल्मवर झालेल्या होत्या आणि कंपन्यांनी त्या जपल्या. केबलवरची दुकानाची जाहिरात ही अगदी निराळी वस्तू होती. दुकानाचा दर्शनी भाग, गल्ल्यावर बसलेले काका, थप्पीतून झटकन उलगडलेली साडी, मागे चित्रपटाच्या गाण्याची धून आणि शेवटी पत्ता, ‘स्टेशनसमोर’. चित्रपट चालू असताना पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी असे. तिच्यात आज पाणी येणार नाही, अमुक ठिकाणी किल्ल्या सापडल्या आणि भव्य सेलचे शेवटचे दोन दिवस, हे सारे एकाच ओळीत येई. त्या वेळी या गोष्टींचा कंटाळा येई. पण ज्या दुकानाच्या जागी आता मॉल किंवा उड्डाणपुलाचा खांब आहे, त्याची पाटी, फडताळ, तराजू आणि गल्ल्यावरचा माणूस चालता-बोलता पाहण्याचे दुसरे साधन उरलेले नाही. व्यापारी कुटुंबांनी आपला इतिहास हिशेबाच्या वह्यांत फार काटेकोरपणे ठेवला. पण वहीत आजोबांचा आवाज नसतो. केबलचालकाने बिलासोबत दिलेली जाहिरातीची कॅसेट काही घरांत ‘दुकान’ अशा नावाने अजून पडून असेल, तर ती त्या कुटुंबाची खरी ठेव समजावी.

कायद्याचा विरोधाभास मौजेचा आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांप्रमाणे व्यापाऱ्याला आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. उपग्रह वाहिनीने आपले प्रक्षेपण मात्र ९० दिवस जपले की पुरे. पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्याचा कायदा १९५४ पासून आहे. दूरचित्रवाणीसाठी तसा नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने प्रक्षेपणाच्या प्रती राष्ट्रीय संस्थेकडे ठेवणे बंधनकारक केले आणि २००६ पासून त्यांतील मोठा साठा नागरिकांना घरबसल्या पाहता येतो.

आता प्रश्न वेळेचा आहे आणि तो आपल्या सोयीने थांबणारा नाही. चुंबकीय फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर लोहकणांचा लेप. तो लेप ज्या चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो, ते हवेतील ओल शोषते आणि हळूहळू सुटू लागते. कोकणपट्टीतील पावसाळ्याचे चार महिने फितीला जेवढे बाधतात, तेवढी तीस वर्षांची विश्रांतीही बाधत नाही. कॅसेटच्या काचेसारख्या खिडकीतून पांढरी भुकटी किंवा तंतू दिसले तर ती बुरशी होय. तशी कॅसेट यंत्रात घातली तर ती स्वतः फाटते आणि बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात उल्हास आणि वालधुनीचे पाणी कल्याण, उल्हासनगर, बदलापूर परिसरात घुसले, तेव्हा तळमजल्यावरची घरे व दुकाने यांतील किती पेट्या चिखलात गेल्या याची मोजदाद झाली नाही. विम्याच्या दाव्यात त्यांचा रकाना नव्हता.

फितीहून मोठी अडचण यंत्राची आहे. व्हीएचएस यंत्रे बनवणारी जगातील शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. सुटे भाग मिळेनासे झाल्याचे कारण तिने दिले. त्यानंतर जी यंत्रे चालू आहेत ती जुनीच आहेत आणि त्यांची डोकी दररोज झिजत आहेत. ती दुरुस्त करणारे कारागीरही वयाने उतरणीला लागले. युनेस्कोने याच धोक्याकडे लक्ष वेधून २०२५ च्या आसपास चुंबकीय फिती वाचवण्याची संधी सरेल, असा इशारा जगभरच्या संग्रहांना दिला होता. ते वर्ष उजाडले आणि गेले. अजून फिती चालतात, पण इशारा देणारे चुकले असे समजणे महागात पडेल.

काही वाचक म्हणतील की आमच्या कॅसेटची सीडी केव्हाच करून घेतली. २००० च्या सुमारास स्टेशनजवळच्या प्रत्येक स्टुडिओबाहेर ‘कॅसेटवरून सीडी करून मिळेल’ अशी पाटी असे आणि अनेकांनी सीडी हातात पडताच कॅसेट फेकून दिल्या. ही घाई नडली. व्हीसीडी या प्रकारात चित्राच्या ५७६ ओळींऐवजी २८८ ओळीच राहतात आणि हालचाल असलेल्या ठिकाणी चौकोनी ठिपके उमटतात. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगलेप काही वर्षांत फिका होतो आणि मग ती वाचलीच जात नाही. ज्यांनी कॅसेट ठेवली असेल, त्यांनी सीडीवर विसंबू नये. मूळ कॅसेटवरून काम पुन्हा करावे.

ते करताना काही गोष्टी पाळाव्यात. कॅसेट माळ्यावर आडवी रचून ठेवण्याऐवजी पुस्तकासारखी उभी, कोरड्या कपाटात ठेवावी. मागचे पाते शाबूत असेल तर प्रथम ते मोडून टाकावे. बुरशी दिसली तर घरी प्रयोग न करता जाणकाराकडे द्यावी. दीर्घकाळ न लावलेली फीत न पाहता एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे तिचे चिकटलेले वेटोळे सुटतात. डिजिटल नोंद करणाऱ्याला केवळ मोबाइलवर पाठवण्याजोगी छोटी फाइल न मागता आधी मोठी, कमी दाबलेली प्रत मागावी. डीव्ही पद्धतीने एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते आणि आजच्या हार्ड डिस्कच्या किमतीत ती कठीण नाही. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा संग्रहालयांचा संकेत आहे. व्यापाऱ्याला तो नवा नाही. दुकानाच्या किल्लीची एक प्रत भावाच्या घरी ठेवणारा माणूस हे सहज समजू शकतो.

यात जे बहुधा राहून जाते ते नाव लिहिणे. जेसलमेर आणि पाटणच्या ज्ञानभांडारांतील हस्तलिखितांच्या अखेरीस पुष्पिका असते. ग्रंथ कोणी लिहिला, कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणाच्या आज्ञेने किंवा कोणत्या श्रावकाच्या द्रव्याने, हे त्यात नोंदवलेले असते. त्या चार ओळींच्या आधारे विद्वानांनी शतकांचा इतिहास जुळवला. कॅसेटवर ‘टीव्ही’ लिहिणाऱ्याला ही पुष्पिका लिहिता आली नाही, कारण त्याच्यासाठी तो फक्त काल रात्रीचा कार्यक्रम होता. ती आता लिहिता येईल, पण जे ओळखू शकतात ते हयात असेपर्यंतच. चित्र संगणकावर आले की सत्तरी-ऐंशीच्या वडीलधाऱ्यांना समोर बसवावे आणि तिसऱ्या मिनिटाला दिसणारे गृहस्थ कोण, मागची इमारत कोणती, वाजणारा बँड कोणत्या गावचा, हे त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे.

जाहीरपणे दाखवण्याविषयी थोडी सावधगिरी हवी. प्रक्षेपणावरील हक्क आपल्या कायद्यात २५ वर्षे असतो. चित्रपट किंवा मालिकेसारख्या कृतीवरील हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे. स्वतःच्या उपयोगासाठी प्रत ठेवणे आणि ती इंटरनेटवर टाकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःच्या दुकानाची जाहिरात किंवा घरच्या वरघोड्याचे चित्रण यांत फारशी अडचण येऊ नये. दूरदर्शनचा न सापडणारा कार्यक्रम हाती लागला, तर प्रथम प्रसार भारतीच्या संग्रहाला कळवणे उचित. स्थानिक चित्रणासाठी मात्र स्थानिक घर हवे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. छापील शब्द त्यांनी दीड-एक शतक सांभाळला. एक चालू यंत्र, एक संगणक आणि महिन्यातून दोन रविवार बसणारे चार स्वयंसेवक एवढ्या भांडवलावर तेथे कॅसेटचा विभाग उभा राहू शकतो. शाळांना पंखे आणि दवाखान्यांना खाटा देणाऱ्या दात्यांनी याचाही विचार करण्यास हरकत नाही. पंखा मात्र पुढच्या वर्षीही देता येतो.

या कामाला एकच गोष्ट आखूड करता येत नाही, ती म्हणजे वेळ. पुस्तकाचे पान क्षणात टिपता येते. तीन तासांची कॅसेट मात्र तीन तासांतच उतरते, यंत्र कितीही चांगले असो. वीस कॅसेटची पेटी म्हणजे साठ तास. दुकान बंद झाल्यावर, जेवणे उरकत असताना रोज एक लावली, तर वीस रात्रींचे काम. ‘टीव्ही’ लिहिलेल्या आधी लावाव्यात.